कणांची बारशी

काही वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका आंतरमहाविद्यालयीन मराठी निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतो. विज्ञानाशी संबंधित कुठलाही विषय घेण्याची मुभा होती. बहुतेकांनी मोबाइलचे फायदे-तोटे लिहिले होते. बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मात्र द्रव्याच्या अंतरंगावर लिहिले होते. पाण्याचा एक अणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अशा तीन परमाणूंचा बनतो, अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. मी लाल शाईने 'अणू' खोडून 'रेणू' केले, 'परमाणू' खोडून 'अणू' केले आणि समासात 'मूलभूत चूक' असा शेरा मारला. निबंध बक्षिसाच्या रांगेतून बाहेर गेला.

पुढे चहाच्या वेळी भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना मी ही गंमत म्हणून सांगितली. ते म्हणाले, "अहो, मुलगी बरोबर आहे. तिचं पाठ्यपुस्तक हिंदी आहे. हिंदीत ज्याला अणु म्हणतात तो तुमचा रेणू, आणि तुमचा अणू तो हिंदीतला परमाणु. तिनं दोन्ही शब्द सगळीकडे नीट वापरलेत का, ते पाहिलंत का तुम्ही?" मी पाहिले नव्हते. घरी येऊन निबंध पुन्हा वाचला. तिने ते शब्द शेवटपर्यंत एकाच अर्थाने वापरले होते. चूक माझी होती.

शोध घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हिंदीच नव्हे, गुजराती, कन्नड आणि तेलुगू याही भाषांत 'परमाणू' म्हणजे मूलद्रव्याचा कण आणि 'अणू' म्हणजे अशा कणांची जुळणी, अशीच वाटणी आहे. मराठीने 'अणू' आणि 'रेणू' ही जोडी घेतली. तुकोबांच्या एका सुप्रसिद्ध अभंगाच्या पहिल्याच शब्दात ही जोडी हातात हात घालून येते, त्यामुळे ती आपल्या कानाला घरची वाटते. पण बडोदे, बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर इथला मराठी मुलगा शाळेत एक अर्थ शिकतो आणि घरातल्या मराठी पुस्तकात दुसरा वाचतो. महाराष्ट्रातल्या मुलाला हा घोळ सोसावा लागत नाही. आपल्याला लागतो.

त्या खोडलेल्या दोन शब्दांनी मला मूलकणांचा इतिहास वाचायला लावले. मी साहित्याचा विद्यार्थी. गणिताशी माझे सख्य नाही. पण वाचता वाचता जाणवले की हा इतिहास जसा शोधांचा आहे, तसाच नावांचाही आहे. काही कणांची बारशी जन्माआधीच झाली, काहींची नावे बदलली, काहींच्या नावावरून भांडणे झाली, आणि काही माणसांची नावे मागे राहून गेली. भाषेच्या माणसाने ही गोष्ट सांगावी, इतके भाषेचे काम तिच्यात आहे.

न तुटणारे तुटते

ग्रीक भाषेत 'ॲटम' या शब्दाचा मूळ अर्थ 'जे कापता येत नाही ते'. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात कणादांनी परमाणूची कल्पना मांडली. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि अशा तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, अशी ती रचना होती. कवडशात तरंगताना दिसणारा धूलिकण हे त्र्यणुकाचे उदाहरण. या दोन्ही कल्पना तर्कातून आलेल्या होत्या. त्यांच्यामागे प्रयोग किंवा मोजमाप नव्हते. म्हणून त्यांचा आदर राखूनही त्यांना आधुनिक विज्ञान म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन डाल्टन यांनी रासायनिक संयोगातल्या वजनांच्या प्रमाणांवरून अणूला पुरावा दिला. नाव मात्र जुनेच राहिले : न तुटणारा.

१८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी हे न तुटणारे तोडले. हवा जवळजवळ काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली की ऋण टोकाकडून एक प्रकारचे किरण निघतात. विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांनी ते किती वळतात हे मोजून थॉमसन यांनी दाखवले की ते कणांचे झोत आहेत आणि हा कण सर्वांत हलक्या अणूच्याही मानाने अतिशय हलका आहे. हायड्रोजनच्या अणुकेंद्राच्या सुमारे १८३६वा भाग, हा आजचा आकडा. कोणताही धातू घेतला तरी कण तोच निघत होता. म्हणजे तो सर्व अणूंचा घटक होता.

थॉमसन यांनी त्याला 'कॉर्पसल' म्हणजे 'सूक्ष्म कण' असे म्हटले आणि बरीच वर्षे ते हाच शब्द वापरत राहिले. जगाने मात्र दुसराच शब्द उचलला. १८९१ साली जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी विजेच्या एककाला 'इलेक्ट्रॉन' हे नाव सुचवले होते. तेच या कणाला चिकटले. कण सापडण्याच्या सहा वर्षे आधी नाव तयार होते. ग्रीक भाषेत 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर. अंबर घासले की ते हलक्या वस्तू ओढून घेते, म्हणून विजेचे सगळे कूळ त्याच्या नावावर चालते. संस्कृतात याच अंबराला 'तृणमणी' म्हणतात : गवताची काडी ओढणारा मणी. तिकडे वस्तूचे नाव गुणाला मिळाले, आपण गुणाचे नाव वस्तूला दिले.

यानंतर अणूच्या आत पाहण्याची पाळी आली. मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ पलीकडे गेले, पण हजारोंत एखादा मागे उसळून आला. १९११ साली रदरफर्ड यांनी त्याचा अर्थ लावला. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी एका अत्यंत लहान जागेत दाटलेले असते आणि बाकी जागा मोकळी असते. सोन्याच्या अणूचे केंद्र त्या अणूच्या सुमारे वीस हजारपट लहान आहे. ज्वारीचा एक दाणा क्रिकेटच्या मैदानाच्या मधोमध ठेवावा, आणि मैदानाच्या कडेपर्यंतच्या आवारात इलेक्ट्रॉनांचा वावर असावा, असे काहीसे हे प्रमाण आहे.

१९२० साली रदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या अणुकेंद्राला 'प्रोटॉन' हे नाव दिले. ग्रीक 'प्रोटोस' म्हणजे पहिला. १९३२ साली जेम्स चॅडविक यांना विद्युत्भार नसलेला, प्रोटॉनपेक्षा किंचित जड असा न्यूट्रॉन सापडला. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन या तिघांत सगळी सृष्टी बसते, असे थोडा काळ वाटले.

जन्माआधीचे बारसे

पण हिशेबात एक तूट होती. काही किरणोत्सर्गी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. दर वेळी तो सारख्याच ऊर्जेने निघायला हवा होता; प्रत्यक्षात कधी जास्त, कधी कमी ऊर्जा घेऊन निघत होता. उरलेली ऊर्जा जाते कुठे? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडावा की काय, इथपर्यंत विचार गेला होता.

४ डिसेंबर १९३० रोजी वोल्फगांग पाउली यांनी झुरिकहून जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील बैठकीला एक पत्र पाठवले. सुरुवातीला जमलेल्यांना त्यांनी थट्टेने 'किरणोत्सर्गी' स्त्री-पुरुष असे संबोधले होते. पत्रातली सूचना मात्र धाडसाची होती : इलेक्ट्रॉनबरोबर भार नसलेला, न दिसणारा आणखी एक कण निघत असावा आणि तूट तोच घेऊन जात असावा. एका नृत्यसमारंभासाठी झुरिकमध्ये थांबणे भाग असल्याने आपण येऊ शकत नाही, असेही त्यांनी कळवले होते.

पाउलींनी या कल्पित कणाला 'न्यूट्रॉन' म्हटले होते. दोन वर्षांनी चॅडविक यांच्या जड कणाला तेच नाव मिळाले आणि एका नावाचे दोन धनी झाले. वाट इटालियन भाषेने काढली. रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्या सहकाऱ्यांत याबद्दल बोलणे चालले असता एदोआर्दो अमाल्दी यांनी विनोदाने म्हटले की मग हा 'न्यूट्रिनो' म्हणायचा. इटालियनमध्ये 'इनो' हा लघुत्व दाखवणारा प्रत्यय आहे. आपण सुऱ्याची सुरी करतो, डब्याची डबी करतो, तसे त्यांनी न्यूट्रॉनचे न्यूट्रिनो केले. फर्मींनी हा शब्द गांभीर्याने वापरला आणि तो जगभर गेला.

न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडला गेला तो १९५६ साली. फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ तो टिपला. हा कण कशालाही सहसा अडत नाही, म्हणून त्याला टिपायला फार मोठी सोय लागते. १९६५ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील संशोधकांनी वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो नोंदवले. जवळपास त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत राइनेस यांच्या गटालाही ते आढळले. एवढ्या खोल जायचे कारण साधे आहे : वरचा खडक बाकीच्या कणांना गाळून टाकतो, न्यूट्रिनो तेवढा खाली पोचतो.

एका 'र'ची गोष्ट

१९३० नंतरची वीस वर्षे विश्वकिरणांची होती. अवकाशातून येणारे हे वेगवान कण टिपण्याचे एक साधन म्हणजे बाष्पकोठी. तिच्यातल्या बाष्पातून विद्युत्भारित कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंब जमतात आणि आकाशात विमानामागे उमटते तशी रेघ दिसते. भोवती चुंबक असला की रेघ वळते. वळण्याच्या दिशेवरून भार धन की ऋण ते कळते. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना इलेक्ट्रॉनसारखीच पण उलट्या बाजूला वळलेली रेघ मिळाली. तो पॉझिट्रॉन होता. पॉल डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणातून अशा प्रतिकणाची शक्यता आधीच निघालेली होती.

१९३५ साली जपानमध्ये हिदेकी युकावा यांनी आणखी एक कण कागदावर मांडला. अणुकेंद्रात धनभारित प्रोटॉन एकमेकांना ढकलत असूनही एकत्र राहतात. त्यांना बांधणारे बल एका कणाच्या देवघेवीतून येत असावे, आणि तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट जड असावा, असा त्यांचा हिशेब होता. दोनच वर्षांत अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना विश्वकिरणांत साधारण तेवढ्याच वस्तुमानाचा कण सापडला. सर्वांना वाटले, हाच तो.

आता त्याचे नाव. तो इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधला, म्हणून ग्रीक 'मेसो' म्हणजे 'मध्य' यावरून दोघांनी 'मेसोटॉन' सुचवले. त्यांचे ज्येष्ठ रॉबर्ट मिलिकन म्हणाले की इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्याप्रमाणे यातही 'र' हवा. अँडरसननी प्रोटॉनकडे बोट दाखवले, पण ज्येष्ठांपुढे चालले नाही. टिपण आधीच 'नेचर' नियतकालिकाकडे गेले होते, म्हणून तो एक 'र' मागाहून तारेने धाडावा लागला. नाव झाले 'मेसोट्रॉन'.

१९३९ साली केंब्रिजमधून होमी भाभा यांनी 'नेचर'लाच एक छोटे पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे व्याकरणाचे होते. इलेक्ट्रॉनमधला 'ट्र' हा 'इलेक्ट्र' या मुळाचा आहे, न्यूट्रॉनमधला 'न्यूट्र' या मुळाचा. 'मेसो' या शब्दात 'ट्र' नाहीच, तो उगीच घुसला आहे. तेव्हा 'मेसॉन' हेच तर्काला धरून आहे आणि आटोपशीरही आहे. जगाने हे मान्य केले. आपल्या देशातल्या अणुसंशोधनाचा पाया घालणाऱ्या माणसाने शब्दाची फोड करून एका कणाचे नाव दुरुस्त केले, ही गोष्ट भाषेच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

यातला पुढचा भाग मात्र 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशा थाटाचा झाला. रोममधील कॉन्व्हर्सी, पँचिनी आणि पिच्चोनी यांच्या प्रयोगांनी दाखवले की हा कण अणुकेंद्राशी फारशी सलगी करीत नाही. तो युकावांचा कण नव्हताच. इलेक्ट्रॉनचा जड भाऊ होता. आज त्याला म्यूऑन म्हणतात. 'मेसॉन' हे नाव वेगळ्याच कुळाकडे गेले. ज्याच्या बारशाला एवढी चर्चा झाली, त्याच्याकडे ते नाव राहिले नाही. हा अनपेक्षित पाहुणा कोणी मागवला होता, असे इसिडोर राबी म्हणाल्याची आठवण आजही सांगितली जाते.

युकावांचा खरा कण, पायॉन, १९४७ साली ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाला सापडला. त्यांची पद्धत छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांची होती. पट्टीवरच्या थराला मराठी परिभाषेत 'पायस' म्हणतात. नैवेद्याची खीर आठवते, पण दोन्हीकडे दाट दुधाळपणा आहे, म्हणून शब्द चपखल आहे. त्यातून कण गेला की पट्टी धुतल्यावर त्याची वाट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पॉवेल यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हीच वाट कलकत्त्याच्या बोस संस्थेतील बिभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी काही वर्षे आधी धरली होती. त्यांनी दार्जिलिंग आणि त्याहून उंच ठिकाणी महिनोन् महिने काचपट्ट्या ठेवल्या आणि वाटांवरून कणांचे वस्तुमान काढण्याचा प्रयत्न केला. १९४० ते १९४२ या काळात त्यांची टिपणे 'नेचर'मध्ये आली. पण महायुद्धामुळे अधिक संवेदनशील पट्ट्या त्यांना मिळाल्या नाहीत आणि काम तिथेच थांबले. पुढे पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात या कामाची नोंद घेतली. पाठ्यपुस्तकांनी क्वचितच घेतली. बिभा चौधुरी नंतर मुंबईच्या टाटा संस्थेत आल्या. त्या संस्थेच्या आरंभीच्या स्त्री-संशोधकांपैकी त्या होत. १९९१ साली त्या गेल्या. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या नामकरण उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले. त्याच्या ग्रहाचे नाव 'संतमस' ठेवले गेले. संस्कृतात त्याचा अर्थ दाटलेला अंधार. कणाच्या इतिहासात जे नाव नीट लागले नाही, ते ताऱ्याला लागले.

गर्दी आणि तिची घडी

१९४७पासून कणांची रीघ लागली. विश्वकिरणांत आणि पुढे मोठमोठ्या कणवेगवर्धकांत दरवर्षी नवे कण सापडू लागले. एवढी नावे लक्षात राहिली असती तर आपण वनस्पतिशास्त्रज्ञच झालो असतो, असा विनोद फर्मींच्या नावावर सांगतात. ग्रीक शब्दांवरून कुळे पाडली गेली : हलके ते लेप्टॉन, जाडजूड ते हॅड्रॉन. १९७५च्या सुमारास सापडलेला टाऊ हा लेप्टॉन तर प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट जड निघाला. नाव 'हलका' ते 'हलका'च राहिले. 'न तुटणारा' अणू तुटल्यावरही ज्याचे नाव बदलले नाही, त्या शास्त्राला याचे काही वाटले नाही.

काही नवे कण सहज जन्मत, पण मरायला अपेक्षेपेक्षा फार वेळ घेत. या वागणुकीला मरे गेल-मान यांनी 'स्ट्रेंजनेस' म्हणजे 'विलक्षणपणा' असे नाव दिले आणि त्याला अंकांत मांडले. १९६१ साली त्यांनी आणि स्वतंत्रपणे युवाल नेमान यांनी हॅड्रॉनांची आठ-आठ, दहा-दहा अशा गटांत मांडणी केली. गेल-मान यांनी या मांडणीला बौद्ध धर्मातल्या अष्टांगिक मार्गावरून थट्टेने नाव दिले. दहांच्या एका गटात एक जागा रिकामी होती. तिथे कोणत्या भाराचा, किती वस्तुमानाचा कण बसेल हे आधीच सांगितले गेले आणि १९६४च्या आरंभी ब्रूकहेवन येथे तो सापडला. मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीतल्या रिकाम्या घरांचीच ही पुनरावृत्ती होती.

अशी घडी बसते, तेव्हा आत काही सामाईक घटक असतात. १९६४ साली गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तसे सुचवले. झ्वाइग यांनी पत्त्यांतल्या एक्क्यावरून 'एस' हे नाव ठेवले. गेल-मान यांच्या मनात आधी नुसता एक ध्वनी होता. मग जेम्स जॉइस यांच्या १९३९च्या 'फिनेगन्स वेक' या कादंबरीत त्यांना 'क्वार्क' हा शब्द भेटला. तिथे तो तिनाच्या आकड्याबरोबर येतो आणि त्यांच्या कल्पनेत प्रोटॉनही तीन घटकांचा होता. जर्मनीत मात्र क्वार्क म्हणजे श्रीखंडाच्या चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ. दोन नावांत जिंकले कादंबरीतले. निरर्थक वाटणाऱ्या शब्दाचा एक फायदा असतो : त्याला जुन्या अर्थाचे ओझे नसते.

क्वार्क म्हणजे केवळ हिशेबाची सोय, असे अनेकांना वाटत होते, कारण त्यांचा भार अपूर्णांकी होता : प्रोटॉनच्या दोन-तृतीयांश किंवा उणे एक-तृतीयांश. १९६७-६८मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या वेगवर्धकातून इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले गेले. रदरफर्ड यांच्या प्रयोगाचीच ही मोठी आवृत्ती होती. इलेक्ट्रॉन असे उडाले की प्रोटॉनच्या आत लहान कठीण कण असावेत. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये ब्रूकहेवन आणि स्टॅनफर्ड येथे एकाच वेळी एक नवा कण सापडला. एका गटाने त्याला 'जे' म्हटले, दुसऱ्याने 'साय'. कोणीच माघार घेईना, म्हणून आजही तो 'जे-साय' असे जोडनाव लावतो. त्याने चौथ्या क्वार्कची साक्ष दिली आणि शंका मिटली. पाचवा क्वार्क १९७७ साली आला. सहावा, टॉप, १९९५ साली. एवढासा कण, पण वस्तुमान सोन्याच्या अख्ख्या अणूच्या जवळपास.

इथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगायला हवी. क्वार्कांना 'रंग' असतात असे पुस्तकांत येते. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा संबंध नाही. तो विद्युत्भारासारखाच एक गुण आहे. त्याचे तीन प्रकार एकत्र आले की हिशेब शून्य होतो, जसे तीन रंगांचे प्रकाश मिळून पांढरा प्रकाश होतो. हे रूपक आहे आणि रूपक कुठे संपते ते सांगणे, हे काम साहित्याच्या शिक्षकाला चांगले जमायला हवे.

आडनावे आणि 'देवकण'

१९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी एक लेख आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. एकसारख्या प्रकाशकणांची मोजणी कशी करावी, हा त्याचा विषय. १९४५ साली डिरॅक यांनी अशा रीतीने वागणाऱ्या सर्व कणांना 'बोसॉन' हे नाव वापरले. एक बंगाली आडनाव आणि ग्रीक वळणाचा प्रत्यय, अशी ही संधी आहे. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने जमिनीखालच्या २७ किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकात हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा या जोडनावाचा दुसरा अर्धा भाग आपल्या वर्तमानपत्रांत पुन्हा चर्चेत आला. प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड असलेला हा कण मूलकणांना वस्तुमान कसे मिळते, या प्रश्नाशी निगडित आहे. मूळ कल्पना १९६४ साली तीन गटांतल्या सहा जणांनी मांडली होती; नाव एकट्या पीटर हिग्ज यांचे राहिले.

त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांत 'देवकण' हा शब्द मथळ्यांतून झळकला. लिऑन लेडरमन यांच्या १९९३च्या पुस्तकाच्या नावावरून तो आला. हा कण इतका छळतो की आपल्याला एक शिवीच वापरायची होती, प्रकाशकाने ती छाटली, असे लेडरमन यांनी मिश्कीलपणे सांगितले आहे. इंग्रजीत ती थट्टा होती. आपण तिचे शब्दशः भाषांतर केले आणि थट्टा गाळून भक्ती ठेवली. मग विज्ञानाला देव सापडला का, असे प्रश्न मला वर्गात विचारले गेले. कण तोच, एका शब्दाने मुलांचा प्रश्न भलत्या दिशेला गेला.

मग लिहायचे काय?

निबंधस्पर्धेनंतर मी त्या विद्यार्थिनीला बोलावून चूक कबूल केली. निकाल लागून गेला होता, तो बदलणे माझ्या हातात नव्हते. तिने राग धरला नाही. एवढेच विचारले, "सर, मग मराठीत लिहिताना मी कुठला शब्द लिहायचा?" त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हते.

आज मी असे म्हणेन. मराठी वाचकासाठी लिहिताना अणू आणि रेणू हेच शब्द वापरावेत. ते रुळलेले आहेत. पण पहिल्यांदा शब्द येतो तिथे एका ओळीत सांगावे की शेजारच्या भाषांत यांनाच अनुक्रमे परमाणू आणि अणू म्हणतात. हिंदीत विद्युत्भाराला 'आवेश' म्हणतात. मराठी वाचकाला त्यात सभेतले भाषण ऐकू येते, तेव्हा तिथेही तशीच ओळ द्यावी. इलेक्ट्रॉन, क्वार्क, न्यूट्रिनो ही विशेषनामे आहेत. त्यांचे भाषांतर करण्याचा हट्ट नको. मूलकण, अणुकेंद्र, वस्तुमान, प्रतिकण, विश्वकिरण ही आपली सामान्यनामे आहेत. ती सोडण्याचे कारण नाही. आणि परीक्षकाने लाल शाई उचलण्यापूर्वी पाहावे की लिहिणाऱ्याने शब्द कोणत्या अर्थाने घेतला आहे आणि तो अर्थ शेवटपर्यंत सांभाळला आहे का.

गोष्ट अजून पुरी झालेली नाही. न्यूट्रिनोला अल्पसे का होईना वस्तुमान आहे, हे १९९८ साली जपानमधल्या प्रयोगाने दाखवले. जुन्या चौकटीत ते नव्हते. दीर्घिकांच्या फिरण्यावरून न दिसणारे कृष्णद्रव्य असावे असे वाटते, पण त्याचा कण अजून हाती आलेला नाही. गुरुत्वाकर्षण या हिशेबात अद्याप बसलेले नाही. पुढचा कण सापडेल तेव्हा त्याचेही बारसे होईल. त्या वेळी आपल्या गावांतल्या एखाद्या मुलीने त्यावर मराठीत निबंध लिहिला, तर तो वाचणाऱ्या शिक्षकाला तिची भाषा कळावी, एवढ्यासाठी हा लेख.